सर्व्हर हलवण्याआधी डीएनएसचा आराखडा करून दिलात, त्याबद्दल आभार

नमस्कार,

प्रकल्पाच्या वेबसाइट नव्या सर्व्हरवर नेण्यासाठी तुम्ही डीएनएसचा (वेबसाइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचा) जो आराखडा आखून दिलात, त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. पत्र खुलं ठेवलंय, कारण त्यातलं बरंचसं हे काम हाती घेणाऱ्या कुणालाही लागेल.

सर्वांत मोलाचा ठरला टीटीएलचा, म्हणजे डीएनएसचं उत्तर किती सेकंद साठवून ठेवायचं त्या मुदतीचा हिशेब. तो ८६४०० सेकंद, म्हणजे पूर्ण दिवस असेल, तर ३०० वर आणण्याचं काम पत्ता बदलण्याच्या किमान एक दिवस आधी उरकायला हवं. ऐनवेळी कमी करून उपयोग नाही. ज्या रिझॉल्व्हरने (वापरणाऱ्यांच्या वतीने पत्ता विचारून आणणाऱ्या सर्व्हरने) नुकतंच जुनं उत्तर साठवलंय, तो ते चोवीस तास देऊ शकतो. ‘डीएनएस पसरायला ४८ तास लागतात’ असं सर्रास सांगतात, पण पसरत काहीच नसतं, साठवलेल्या उत्तरांची मुदत संपायची असते. म्हणून तपासणी थेट अधिकृत नेमसर्व्हरला, म्हणजे डोमेनच्या मूळ नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरला, विचारून करायची, हे तुम्ही बजावलंत. तिथे टीटीएल पूर्ण दिसतो, रिझॉल्व्हरकडे फक्त उरलेले सेकंद. नवं सबडोमेन तयार होण्याआधी उगाच चाचपून पाहू नये, हेही खरं: ‘असं नाव नाही’ हे उत्तरसुद्धा साठवलं जातं.

रेकॉर्डची यादी तर डोळे उघडणारी. ए (आयपीव्ही४ पत्त्याचा रेकॉर्ड) बदलला आणि एएएए (आयपीव्ही६ पत्त्याचा) तसाच राहिला, की आयपीव्ही६ वापरणारे जुन्याच सर्व्हरवर जातात आणि ‘माझ्याकडे तर चालतंय’ हा वाद सुरू होतो. एमएक्स, म्हणजे मेल कुठे पोचवायचा ते सांगणारा रेकॉर्ड, मुख्य डोमेनकडेच बोट दाखवत असेल, तर वेबसाइटसोबत मेलही नव्या मशीनवर जाऊन आपटतो, जिथे तो घ्यायला कुणी नसतं. मेलसाठी वेगळं नाव आधीच करून ठेवणं हा त्यावरचा तुमचा उपाय. एसपीएफमध्ये (आपल्या नावाने मेल कोण पाठवू शकतं त्या यादीत) नव्या सर्व्हरचा पत्ता घातला नाही, तर पासवर्ड बदलण्याचे मेल स्पॅममध्ये पडतात.

सर्व्हर आणि नेमसर्व्हर एकाच वेळी बदलू नका, हा तुमचा आग्रह आम्हाला पूर्ण पटतो. डॉट कॉमच्या वरच्या पातळीवर एनएस रेकॉर्डचा (डोमेनचे नेमसर्व्हर कोणते ते सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल १७२८०० सेकंद, दोन दिवस असतो आणि तो आपल्या हातात नाही. त्यात डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल सही करण्याची सोय) सुरू असेल आणि रजिस्ट्रारकडचा (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडचा) डीएस, म्हणजे सहीची किल्ली ओळखण्याचा रेकॉर्ड, जुन्याच किल्लीचा राहिला, तर सह्या पडताळणारे रिझॉल्व्हर पत्त्याऐवजी सरळ सर्व्हफेल ही त्रुटी देतात. काहींना साइट दिसते, काहींना नाही, आणि दोष मात्र वेब सर्व्हरमध्ये शोधला जातो.

एचटीटीपीएसच्या प्रमाणपत्राचं थोडक्यात: नाव अजून जुन्या पत्त्यावर असताना मोफत प्रमाणपत्र देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची एचटीटीपीवरची पडताळणी नव्या सर्व्हरवर होत नाही, डीएनएसमध्ये टीएक्सटी (मजकुराचा) रेकॉर्ड टाकण्याची पद्धत चालते. बाकी चाचणी आपल्या संगणकावरच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा पत्ता टाकून. (ती ओळ नंतर काढायची!)

आणि जुना सर्व्हर लगेच बंद न करता त्याच्यावरून सगळ्या विनंत्या प्रॉक्सीने नव्याकडे पाठवायची तुमची युक्ती. त्यामुळे उशिरा वळणाऱ्यांचं लेखनही एकाच डेटाबेसमध्ये जातं, दोन प्रती जुळवत बसावं लागत नाही. जुन्या लॉगमध्ये विनंत्या यायच्या थांबल्या, की प्रॉक्सी काढून टीटीएल पुन्हा ३६०० वर नेऊ.

आपली,
प्रकल्पाचे सर्व्हर सांभाळणारी मंडळी