अकराव्या अनुसूचीत आग नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अग्निशमन सेवा सप्ताहाच्या बातम्या आपल्या अंकात वाचल्या. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान परतले नाहीत. हा सप्ताह त्यांच्या स्मरणाचा. त्यांना नमस्कार करूनच पुढचे लिहितो. नेमके याच दिवसांत आमच्याकडचे सडे, म्हणजे कातळाची गवताळ पठारे, पेटलेले असतात, आणि ते विझवणाऱ्यांबद्दल कुठे एक ओळ छापून येत नाही.

आमची वाडी राजापूर तालुक्यातली. बंब येईपर्यंत गवत तर जातेच, बऱ्याचदा कुणाची तरी फळाला आलेली कलमेही गेलेली असतात. आला तरी तो डांबरी रस्त्यावर उभा राहणार, वणवा वर कातळावर. म्हणून आमचे ‘दल’ फार जुने आहे. त्याला नाव नाही, पाटी नाही, नोंदणी नाही. माझ्या लहानपणी धूर दिसला की देवळातली घंटा बडवत. अवेळी घंटा वाजली की घरटी एक गडी कोयता घेऊन बाहेर पडे. बायका कळश्या घेऊन गोठ्याकडे धावत, कारण खरी भीती गवताच्या उडवीची, म्हणजे गंजीची. ती पेटली की घर गेलेच.

शिस्त आणली ती आबांनी. मुंबईच्या अग्निशमन दलात उभी हयात काढून ते गावी परतले होते. तोवर आम्ही टाळ, म्हणजे पानांची फांदी, डोक्यावरून आपटायचो आणि ठिणग्या आपल्याच हाताने पुढच्या गवतात उडवायचो. आबा ओरडत, “पाय काळ्यात ठेव रे! टाळ उचलू नको, दाबून वढ!” काळ्यात म्हणजे जळून गेलेल्या बाजूला, जिथे पुन्हा पेटायला काही उरलेले नसते. ऐनाचा नाहीतर कुंभ्याचा ओला टाळ घ्यायचा, वाऱ्याकडे पाठ करायची आणि आगीच्या तोंडाला न जाता दोन्ही बाजूंनी तिला चेपत आणायचे. विझल्यावरही दोघांनी राखण करायची. सुक्या शेणात, खोडात धग राहते आणि दुसऱ्या दिवशी वारा सुटला की उठते.

वणवे लागतात कसे, हे कोकणात कुणाला सांगायला नको. तरव्याची भाजावळ (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणे) हाताबाहेर जाते, कुणी विडी टाकतो, कुणी सशामागे लागलेला असतो, कुठे तारा घासतात.

आता घंटेऐवजी व्हॉट्सअ‍ॅप आहे. कलमांच्या फवारणीचा पंप आणि २०० लिटरचे पिंप टेम्पोत घालून नेता येते. (पेट्रोलचे पैसे ज्याची बाग वाचली तो देतो. सगळेच देतात असे नाही.) पण माणसे कुठून आणायची? तरणी पोरे मुंबईत. गेल्या खेपेला आम्ही नऊ जण होतो, त्यातले सहा साठीच्या पुढचे. एकाचा पाय भाजला. औषधपाणी त्याने पदरमोड करून केले.

ग्रामपंचायतीत गेलो तर उत्तर मिळाले, “यासाठी हेड नाही,” म्हणजे या खर्चासाठी हिशेबात सदरच नाही. म्हणून जरा वाचून काढले. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय आहेत, त्यांत अग्निशमन सेवा आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत सामाजिक वनीकरण आहे, पशुपालन आहे, बाजार आणि जत्राही आहेत. आग नाही. जणू ती शहराची वेस ओलांडतच नाही!

तरीही विकास आराखडा गावच ठरवतो ना? त्यात गवत वाळण्याआधी सड्यावर जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढण्याची मजुरी, एक पंप, दहा जोड बूट आणि जाणाऱ्यांचा अपघात विमा एवढे बसवायला हरकत नसावी. पुढच्या ग्रामसभेसाठी तसा अर्ज मी दिला आहे. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या ग्रामपंचायतीने असा खर्च मंजूर केला असेल, तर ठरावात काय लिहिले होते ते कृपया याच सदरातून कळवावे.

— एक वाचक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी