'प्रकृती स्थिर' झालेल्यांसाठी: रुग्णोपयोगी साहित्याकरिता आवाहन

पंचवटी परिसरातील सर्व नागरिकांना सप्रेम नमस्कार.

८ ऑक्टोबर २०२२ रोजी पहाटे यवतमाळहून मुंबईकडे निघालेली खासगी बस आपल्या शहरात मालवाहू वाहनाला धडकून पेटली आणि त्यात १२ प्रवासी मृत्युमुखी पडले, हे नाशिककर विसरलेले नाहीत. अशा प्रत्येक अपघाताच्या बातमीत मृतांची संख्या छापली जाते. जखमींबद्दल मात्र 'प्रकृती स्थिर' एवढे दोन शब्द येतात आणि विषय संपतो. आमच्या परिसर समितीचे हे आवाहन त्या स्थिर झालेल्यांसाठी आहे.

ट्रक, डंपर किंवा बसच्या चाकाखाली सापडलेल्या पायाचे हाड तर मोडतेच, शिवाय कातडी, स्नायू आणि रक्तवाहिन्याही चिरडल्या जातात. त्यामुळे हाड जुळून आल्यावरही सांधे आखडतात, जखम पुन्हा पुन्हा पिकते आणि कधी कधी पाय काढावाच लागतो. काढलेल्या पायाचा अंगठा रात्री ठणकतो अशी तक्रार रुग्ण करतो तेव्हा घरच्यांना ती भ्रमासारखी वाटते, पण ती वेदना खरी असते. डोक्याला मार बसलेल्यांपैकी काहींना वर्षा-दोन वर्षांनीही फिट येऊ लागते. काहींची स्मरणशक्ती जाते, आणि शांत स्वभावाचा माणूस एकाएकी तापट होतो. मज्जारज्जूला इजा झाली असेल, तर इजेखालच्या भागाला स्पर्श कळत नाही, म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाही तर माकडहाडाशी बेडसोअर, म्हणजे सतत दाब पडून जखम होते. लघवीसाठी कॅथेटर, म्हणजे मूत्राशयात घातलेली नळी लागते आणि तिची स्वच्छता राखली नाही, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. हे सारे सांभाळणारी व्यक्ती बहुधा घरातली बाई असते आणि तिची झोप कोणी मोजत नाही.

केंद्र सरकारने २०२५ मध्ये लागू केलेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमींवर अपघातापासून सात दिवसांपर्यंत, कमाल दीड लाख रुपयांचे उपचार रोख रक्कम न भरता होऊ शकतात. योजना चांगली आहे, तिची माहिती प्रत्येकाने ठेवावी. मात्र आठव्या दिवसानंतरची वर्षे त्या कुटुंबाला स्वतःच्या बळावर काढायची असतात.

आमच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून खुर्च्या, वॉकर, पलंग अनामत घेऊन एक-दोन महिन्यांसाठी दिले जातात. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ही मुदत पुरते, परंतु कमरेखाली लुळ्या पडलेल्या तरुणाकडे 'मुदत संपली, खुर्ची परत करा' असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही, आणि म्हणावे तरी कसे? म्हणून दीर्घकाळ वापरासाठी वेगळा साठा उभा करण्याचे समितीने ठरवले आहे.

त्यासाठी सर्वाधिक निकड हवेच्या गाद्यांची आणि रुग्णाच्या मापाच्या चाकाच्या खुर्च्यांची आहे. ढगळ किंवा अरुंद खुर्चीत बसून नवी जखम होते, त्यामुळे माळ्यावर गंजत पडलेली खुर्ची देण्यापेक्षा तिची किंमत दिलीत तर अधिक उपयोग होईल. हे स्पष्ट लिहिल्याबद्दल क्षमस्व. कमोड खुर्च्या, कॅथेटर, प्रौढांचे डायपर आणि कृत्रिम पायाच्या दुरुस्तीचा खर्च हीदेखील सततची गरज आहे, कारण कृत्रिम पाय एकदा बसवला म्हणजे काम संपले असे होत नाही: उरलेल्या पायाचा आकार बदलतो, तसे त्याचे माप बदलावे लागते, आणि वाढत्या वयाच्या मुलांत तर ते वारंवार बदलावे लागते.

पैशांखेरीज वेळही हवा आहे. आठवड्यातून एकदा घरी जाऊन व्यायाम करून घेणारे फिजिओथेरपिस्ट, उंबऱ्याशी उतार बांधून देणारे गवंडी, दिव्यांग प्रमाणपत्राचे आणि अपघात दाव्याचे कागद जुळवून देणारे निवृत्त कर्मचारी किंवा वकील यांनी नाव नोंदवावे. रुग्णाजवळ दोन तास बसून घरच्यांना मोकळीक देणाऱ्यांचेही स्वागत आहे; त्यासाठी लागणारी माहिती आम्ही देऊ.

देणगी समितीच्या कार्यालयात धनादेशाने अथवा रोख स्वीकारली जाईल व लगेच पावती मिळेल. जमा-खर्च दरमहा कार्यालयाच्या फलकावर लावला जाईल. त्यात मदत घेणाऱ्या कुटुंबांची नावे मात्र नसतील.