ताडपत्री टाकली की तंबू होत नाही

संपादक महोदय,

शिडाच्या छोट्या होडीत मुक्काम करण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख आवडला. मात्र ‘बूमवर ताडपत्री टाकून बांधली की झाला तंबू’ हे त्यातले वाक्य खटकले (बूम म्हणजे मुख्य शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा). अशी ताडपत्री रात्रभर फडफडते, आणि त्यातूनही झोप लागलीच तर पहाटे आतल्या बाजूला धरलेले पाणी अंगावर ठिबकते.

मापे होडीवरच घ्यावीत. बूमचे मागचे टोक टॉपिंग लिफ्टने, म्हणजे डोलकाठीच्या माथ्यावरून ते टोक धरणाऱ्या दोरीने, ती नसेल तर मुख्य शीड वर चढवण्याच्या दोरीने (हॅलयार्डने) उचलावे. बसायच्या फळीपासून निदान 90 सेंटिमीटर उंची मिळायला हवी. बूम दोन्ही बाजूंना ताणून बांधावा, नाहीतर माप घेता घेताच तो झुलतो. मग त्यावर स्वस्तातले प्लास्टिक पसरून डोलकाठी आणि तिच्या बाजूच्या तारा कुठे येतात ते मार्करने आखावे. कापड होडीच्या काठाबाहेर 10 सेंटिमीटर तरी खाली उतरू द्यावे. ते काठाच्या आत संपले, तर छपरावरचे सगळे पाणी कॉकपिटमध्येच, म्हणजे बसायच्या खोलगट जागेतच येते.

नायलॉन ओले झाले की सैल पडते आणि मधोमध पाण्याची झोळी होते, म्हणून पीयू (पॉलियुरेथेन) लेप दिलेले पॉलिएस्टर बरे. अ‍ॅक्रिलिक कॅनव्हासमधून हवा खेळते, तो उन्हातही टिकतो. पण त्याची घडी एवढी मोठी होते की छोट्या होडीत ती ठेवायची कुठे?

कड सरळ कापली की फडफड आलीच. दोन आयलेटांमध्ये (दोरी ओवायच्या कड्यांमध्ये) मीटरभर अंतर असेल, तर कडेला मध्यावर 4-5 सेंटिमीटर आत जाणारा बाक, म्हणजे वक्र आकार द्यावा. ताण दिल्यावर कड घट्ट बसते. हा बाक धरूनच काठाबाहेरचे 10 सेंटिमीटर मोजावेत. आयलेटाखाली कापडाचे दोन जादा थर आणि नवार हवीच, कारण वाऱ्याच्या झोतात पहिल्यांदा फाटतो तो कोपरा. बांधायला इलॅस्टिक दोरी घ्यावी.

दोरा उन्हात टिकणारा पॉलिएस्टरचा, सुई 16 किंवा 18 नंबरची. सुती दोरा कुजतो. लेपाच्या कापडाला टाचण्या लावू नयेत. प्रत्येक भोक कायमचे राहते. चिमटे लावावेत. शिवण उसवून पुन्हा घातली, तरी जुनी भोके गळतातच.

पुढे आणि मागे, दोन्हीकडे उंचावर झडपेची खिडकी ठेवावी. एकाच खिडकीने हवा फिरत नाही. स्टोव्ह पेटवायचा तर मागची बाजू पूर्ण उघडी हवी, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

लेखात नांगरावरच्या दिव्याचा उल्लेखच नाही. सात मीटरपेक्षा लहान होडीला आंतरराष्ट्रीय नियमांत सूट आहे. पण अरुंद वाटेत, जहाजांच्या मार्गावर, जहाजे नांगर टाकतात त्या जागेत किंवा या ठिकाणांच्या जवळपास ती लागू होत नाही. तिथे सर्व बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लागतो. तो तंबूआड जाऊ नये म्हणून डोलकाठीच्या पुढच्या तारेवर, तंबूच्या माथ्यापेक्षा उंच टांगावा.

– एक वाचक