दोन्ही घरी एकच बोलणं

प्रिय पास्कू,

तुझा मेसेज मिळाला, त्यातलं विहिरीच्या भांडणाचंही वाचलं. फादरनी तुझं नाव पॅरिशच्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या, समेट कमिटीत टाकलं, वर पोलीस स्टेशनच्या शांतता समितीतही बसवलं, आणि आता तू मला विचारतोयस की मी मालवणात इतकी वर्षं हे करतो तर नेमकं करतो काय. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं टाइप करणं जमणार नाही म्हणून मेल करतोय. निवांत वाच, लगेच अंगठा दाखवून मोकळा होऊ नको.

आधी एक सांगतो, राग मानू नको. भांडण नको म्हणून गप्प बसायची ज्याला सवय आहे त्याला हे काम जड जातं आणि तू शाळेपासून तसाच आहेस. बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याने लोकांची जखम वरच्यावर बांधून सगळं ठीक आहे म्हणणाऱ्या याजकांनाच झापलंय, सहावा अध्याय काढून बघ. आपल्याकडे समेट म्हणजे बहुतेक वेळा तेच असतं रे, दोघांना एका बाकावर बसवायचं, चहा पाजायचा, हातात हात द्यायला लावायचा आणि फोटो काढायचा.

आता इथली गजाल सांगतो. तुला माहितेय इथे रापणकर आणि पर्ससीनवाले, म्हणजे यांत्रिक बोटीतून मोठं जाळं गोल टाकून मासे घेरणारे, यांचं भांडण वर्षानुवर्षं चाललंय. रापणीला किनाऱ्यावरून जाळं ओढायला अख्खी वाडी लागते, मिळेल त्याचे वाटे होतात, आणि बाहेर एक पर्ससीन येऊन बांगड्याचा थवाच्या थवा घेरून गेली की त्या दिवशी वाट्याला काय येणार? कायदा तसा आहे, सागरी मासेमारी नियमनाचा, १९८१ चा, २०१६ ला सरकारने पर्ससीनवर बंधनं घातली, २०२१ ला दंड वाढवले, एलईडी लावून मासेमारीला तर केंद्राने २०१७ लाच बंदी केली. पण समुद्रात गस्त किती असते ते तू मला विचारू नको.

तर एका रात्री वाडीतल्या पोरांनी एक बोट पकडून किनाऱ्याला आणली आणि खलाशांना बसवून ठेवलं. बोटीचा मालक आपल्याच चर्चचा. फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, सढळ हाताने देणारा, माझ्या पोरीच्या कम्युनियनला येऊन जेवलेला. त्याचा फोन आला, जुजे, तू आपलो माणूस, जरा सांभाळून बोल त्यांच्याशी. आणि वाडीत गेलो तर तिथला म्हातारा तांडेल, म्हणजे मच्छीमारांचा म्होरक्या, पहिलंच विचारतो, खरा सांग, तू कोणाच्या बाजून आसस?

मी दोघांनाही तेच सांगितलं, शब्दही बदलले नाहीत. जिथे ही बोट पकडली तिथे ती असायला नको होती, कायदा मालकाच्या विरुद्ध आहे, त्याने दंड भरावा. आणि खलाशांना अडकवून ठेवणं हा गुन्हा आहे, ती नेपाळकडची पोरं पगारावर आलीयत, त्यांना आत्ता सोडा आणि बोट फिशरीजच्या माणसांच्या ताब्यात द्या. वाडीतले म्हणाले हा चर्चवाल्यांची वकिली करतो. मालक म्हणाला स्वतःच्या माणसाला बुडवलंस. पोरं सुटली पहाटे, पुढचं सरकारी रीतीने झालं, आणि मालकाने त्या वर्षी फेस्ताला एक रुपया दिला नाही. कमिटीतल्या काहींनी मला ऐकवलं की बँडचे पैसे आता तू दे. आजही तो मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की मागच्या दाराने निघून जातो. म्हणजे मिटलं का? अर्धं. पण नंतर दुसऱ्या एका भानगडीत त्याच तांडेलाने मला बोलावलं, कारण मी तिकडे एक आणि इकडे एक बोलत नाही हे त्याने बघितलं होतं. मधल्या माणसाकडे भांडवल एवढंच असतं बघ.

तुला तर घरचंच उदाहरण आहे. तुमच्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया. आपण त्याला क्रुसावरचा हुतात्मा म्हणून ओळखतो, नागासाकी, १५९७, सव्वीस जणांतला एक, १८६२ ला संत झाला. पण त्याआधी तो तिथे गेला होता कशाला? जपानचा हिदेयोशी फिलिपिन्सवर चाल करून येतो म्हणत होता, तेव्हा मनिलाच्या गव्हर्नरने १५९३ ला फ्रान्सिस्कन साधूंना दूत म्हणून पाठवलं आणि त्यांचा दुभाष्या हा, कारण आधी तिकडे व्यापार करताना तो जपानी शिकला होता. विचार कर, एकीकडे हुकमी सत्ताधीश, दुसरीकडे स्पॅनिश साम्राज्याची माणसं, आणि मध्ये वसईचा एक माणूस, ज्याने शब्द थोडा इकडचा तिकडे केला असता तर कोणाला कळलंही नसतं. मला त्याच्या मरणाइतकंच हे काम मोठं वाटतं. प्रवचनात याबद्दल कोणी बोलत नाही, का ते देव जाणे.

मत्तयच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातली पद्धत पाठ कर. आधी एकट्याने त्याच्याकडे जा, ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीसमोर. आपल्याकडे बरोबर उलटं चालतं, आधी अख्ख्या वाडीला कळतं, मग ग्रुपवर फिरतं, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला सगळ्यात शेवटी. तू कमिटीत बसलास की लोक तुझ्या कानात येऊन सांगतील, त्यांना पहिला प्रश्न हाच विचार की हे तू त्याला तोंडावर बोललास का. अर्धी प्रकरणं तिथेच संपतात, खरंच सांगतो.

पण ही पद्धत सगळीकडे लावू नको हं. नवरा मारतोय अशी बाई आली आणि वडीलधारे म्हणायला लागले की क्षमा कर, संसार वाचव, तर तिथून सरळ उठ आणि तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे घेऊन जा, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा त्यासाठीच आहे. मार खाणाऱ्याला आणि मारणाऱ्याला समोरासमोर बसवून समेट करणं म्हणजे दुसऱ्यांदा मारणं. यावरून माझं एका वडीलधाऱ्या कमिटीवाल्याशी वाजलंय आणि ते मिटवायची मला अजिबात घाई नाही.

शांतता समितीचं म्हणशील तर जा, गणपतीच्या आधीच्या मीटिंगला तर नक्की जा, चाकरमानी आल्यावर मिरवणुकीच्या रस्त्यावरून काय काय होतं तुला माहीत आहे. पण बक्षिसाच्या मागे लागू नको. तंटामुक्त गाव मोहीम २००७ ला आली तेव्हा कल्पना चांगलीच होती, पण पुरस्कार म्हटला की कागदावर तंटा मिटवायची घाई होते, आणि ज्याची जमीन गेली तो दाबला जातो. सामायिक सातबारा आणि गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधावरून, भाऊबंदकीचे खटले इथे पिढ्या खातात, ते एका सहीने कसे मिटतील?

आणि एक, हे नाजूक आहे. आपण ख्रिस्ती, हिंदूंच्या किंवा मुसलमानांच्या भांडणात गेलो की हा धर्मांतर करायला आलाय असं कोणीतरी म्हणणारच. म्हणून मी तिथे बायबल काढत नाही, पत्रक नाही, प्रार्थनेला या असंही नाही. विचारलं तर लपवत मात्र नाही, येशूमुळे येतो असं सांगतो आणि विषय परत गडग्यावर आणतो. कोणाची अडचण चालू असताना त्याला धर्म ऐकवणं मला तरी अप्रामाणिक वाटतं, आमच्या कॅटेकिस्टला, म्हणजे धर्मशिक्षण देणाऱ्याला, हे पटत नाही, त्याच्याशी वाद चालू आहे.

तुझ्या त्या विहिरीच्या प्रकरणात काय करायचं ते लिहून सांगता येणार नाही, दोन्ही बाजूंचं ऐकल्याशिवाय मी बोलणार नाही. फोन कर, पण रात्री नऊनंतर, तोपर्यंत ट्युशनची पोरं असतात. आणि त्या दुसऱ्या पार्टीचाही नंबर पाठव.

तुझा,
जुजे