किचनरमधे राहणाऱ्या मराठी माणसाने ग्रँड रिव्हरचा हिशेब वाचायला हवा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

कॅनडात शिकायला येणाऱ्या मुलांबद्दलचा तुमच्या पुरवणीतला लेख ऑनलाइन वाचला. चांगला आहे, फी, भाडं, पार्ट टाइम काम सगळं दिलंय. पण किचनर, वॉटर्लू, केंब्रिज, ब्रँटफर्ड ही नावं लिहिलीत ना, ती सगळी ग्रँड रिव्हर या एकाच नदीच्या खोऱ्यातली आहेत आणि त्या जमिनीचं काय झालं ते इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या आपल्या लोकांनाही माहीत नसतं, मलाही नव्हतं. इथे कॉलेजच्या प्रत्येक कार्यक्रमाआधी "ही जागा हॅल्डिमंड ट्रॅक्टवर आहे" असं वाचून दाखवतात, आपण उभे राहतो, ऐकतो आणि समोसे घ्यायला जातो.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात सिक्स नेशन्स या सहा आदिवासी जमातींच्या संघातले मोहॉक आणि इतर बरेच लोक इंग्रजांच्या बाजूने लढले, इंग्रज हरले आणि आज जिथे न्यूयॉर्क राज्य आहे तिथली यांची गावं गेली. त्याची भरपाई म्हणून 25 ऑक्टोबर 1784 ला इंग्रज गव्हर्नर हॅल्डिमंडने लिहून दिलं की ग्रँड रिव्हरच्या दोन्ही काठांची सहा-सहा मैल जमीन, मुखापासून उगमापर्यंत, यांची आणि यांच्या पुढच्या पिढ्यांची कायमची. साधारण साडेनऊ लाख एकर, हाच तो हॅल्डिमंड ट्रॅक्ट! मोहॉक पुढारी जोसेफ ब्रँट जिथे नदी ओलांडायचा तो उतार म्हणजेच ब्रँटफर्ड. आज सिक्स नेशन्सच्या रिझर्व्हकडे (त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनीकडे) उरलेत सुमारे 46 हजार एकर, म्हणजे 5 टक्क्यांहूनही कमी.

बाकीची गेली कुठे? काही विकली, काही भाड्याने दिली, काहींवर लोक सरळ घुसून बसले आणि सरकारने त्यांना हलवलं नाही. आमचं किचनर-वॉटर्लू ज्यावर उभं आहे तो ब्लॉक नंबर 2, 1798 ला विकला गेला आणि पुढे त्यातले 60 हजार एकर मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांनी घेतले (किचनरचं नाव 1916 पर्यंत बर्लिन होतं ते याच जर्मन बोलणाऱ्या लोकांमुळे). पण मला सगळ्यात लागलं ते पैशांचं. जमिनीचे आलेले पैसे सरकारकडे ट्रस्टमधे ठेवलेले, म्हणजे सरकार विश्वस्त, आणि त्यातला मोठा हिस्सा यांना न विचारता नदीतून बोटींची वाहतूक करायला काढलेल्या ग्रँड रिव्हर नेव्हिगेशन कंपनीच्या शेअर्समधे घातला, कंपनी बुडाली, पैसे गेले. आपल्याकडे काकाने अज्ञान पुतण्याच्या नावचे पैसे असे उडवले तर गाव गप्प बसेल का?

बरं, दाद मागायची तर कशी. 1923 मधे यांचे प्रमुख देस्काहे जिनिव्हाला लीग ऑफ नेशन्सकडे (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची राष्ट्रांची संघटना) गेले, तर 1924 ला सरकारने यांची वंशपरंपरागत सभाच बरखास्त करून निवडणुकीवाली कौन्सिल बसवली. 1927 ला कायदा केला की जमिनीच्या दाव्यासाठी सरकारच्या परवानगीशिवाय पैसे गोळा करायचे नाहीत, वकीलही त्यामुळे लावता येईना. तो 1951 पर्यंत चालला!

2006 मधे ग्रँड रिव्हरकाठच्या कॅलेडोनिया गावात नवीन घरांच्या प्रोजेक्टवर, ही जमीन आमचीच म्हणून, हे लोक जाऊन बसले, पोलिसांनी पहाटे उठवायला बघितलं तरी परत आले, शेवटी प्रांत सरकारने ती जमीन बिल्डरकडून विकत घेतली. तेव्हापासून इथे बरेच जण, आपलेही, म्हणतात की "उद्या हे आमची घरं मागतील". म्हणून हे नीट सांगतो. निवडून आलेल्या कौन्सिलने 1995 मधे कॅनडा आणि ऑन्टॅरिओ सरकारवर केस केली त्यात कोणाच्या राहत्या घरातून कोणाला काढायचं नाहीये, मागणी मुख्यतः हिशेबाची आहे, की कुठली जमीन कितीला गेली, पैसे कुठे गेले आणि गेलेल्याची भरपाई. जुन्या वंशपरंपरागत सभेचं म्हणणं सगळ्याच बाबतीत कौन्सिलसारखं नाही, ती आजही आहे, तिचंही ऐकायला हवं. निकाल अजून नाही. आणि रिझर्व्हवरच्या बऱ्याच घरांत अजून नळाचं शुद्ध पाणी पोचलेलं नाही, तेही इथून तासाभराच्या अंतरावर.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी ब्रँटफर्डच्या कॉलेजांची माहिती छापाल तेव्हा सोबत तिथल्या वुडलँड कल्चरल सेंटर या आदिवासींच्या संस्कृती केंद्राचंही नाव द्या. आदिवासी मुलांना घरापासून तोडून जिथे ठेवायचे ती मोहॉक इन्स्टिट्यूट नावाची निवासी शाळा 1970 पर्यंत तिथेच चालायची. नवीन आलेल्या मुलांनी पहिल्या सुट्टीत नायगाराला जायच्या आधी तिथे जावं.

आपला,
एक वाचक, किचनर, कॅनडा