हायड्रोजन ब्रोमाइडच्या नळीसाठी आभार

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. एकटीने फोनवर आभार मानले असते, तर तुम्ही "बरं, बरं, स्पेक्ट्रम दाखव" म्हणत विषय बदलला असता.

जमिनीवरून सूर्याकडे रोखलेल्या यंत्राने स्थितांबरातलं हायड्रोजन क्लोराइड (तिथलं बरंचसं क्लोरीन याच रूपात असतं) मोजायचं, ही मला सुरुवातीला हातचलाखीच वाटायची. प्रकाश तर सगळ्याच थरांतून गाळून येतो! उत्तर पाठ होतं: खाली हवेचा दाब जास्त, म्हणून शोषणरेषा (वायूने प्रकाश गिळल्याने स्पेक्ट्रममध्ये पडलेली खाच) रुंद, वर दाब कमी, म्हणून ती बारीक. रेषेच्या आकारातच उंची दडलेली असते. मी हे घडाघडा म्हणून दाखवलं आणि तुम्ही शांतपणे विचारलंत, "आणि ती रेषा यंत्रानेच रुंद केली असेल तर?"

त्या एका प्रश्नासाठी हे आभार.

मग तुम्ही कपाटातून ती बोटभर लांबीची काचेची नळी काढलीत. आत अगदी कमी दाबाचा हायड्रोजन ब्रोमाइड. सूर्याऐवजी यंत्रातलाच अवरक्त दिवा लावायचा, नळी मध्ये धरायची. या वायूच्या रेषा मुळात किती रुंद असायला हव्यात हे माहीत असतं. त्याहून जास्त पसरल्या किंवा एका बाजूला कलल्या, तर तो दोष यंत्रातल्या आरशांच्या ॲलाइनमेंटचा, म्हणजे ते नेमके जुळवलेले नसल्याचा. इंटरफेरोमीटरमध्ये, म्हणजे प्रकाशाचे दोन झोत करून पुन्हा एकत्र आणणाऱ्या आपल्या यंत्रात, दोन झोतांच्या वाटांमधला फरक अडीच मीटरपर्यंत नेला की रिझोल्यूशन, म्हणजे रेषांमधला बारकावा, ०.००४ प्रति सेंमीच्या आसपास मिळतं, आणि स्थितांबरातल्या रेषाही जवळपास तेवढ्याच बारीक. तिथे आरसा जरासा तिरका असला, तरी वायू भलत्याच उंचीवर असल्यासारखा दिसतो. अ‍ॅव्हरेजिंग कर्नल (मोजमापात कोणत्या उंचीचा वाटा किती, याचा हिशेब) वगैरेही तुम्हीच समजावलंत, पण ते पुस्तकातूनही कळलं असतं.

एवढा काटेकोरपणा कशाला, हे नंतर उमगलं. ओझोन वाचवण्यासाठी झालेल्या १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर स्थितांबरातलं, ओझोन नष्ट करणारं क्लोरीन १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून घटू लागलं, पण वर्षाला सरासरी एक टक्क्याहूनही कमी. त्यात २००७नंतर काही वर्षं उत्तर गोलार्धात हायड्रोजन क्लोराइड चक्क वाढताना दिसलं. कोणी करार मोडला की काय? तसं नव्हतं, स्थितांबरातल्या हवेचं अभिसरण मंदावलं होतं. हे ठामपणे सांगता आलं, कारण स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखसारख्या केंद्रांची आणि उपग्रहांची मोजमापं एकमेकांशी जुळत होती. यंत्रांबद्दल शंका उरली असती, तर वाद आधी त्यांच्यावरच अडला असता.

तुम्ही स्वतःची कामं बाजूला ठेवून माझ्या शेजारी बसलात, डिटेक्टरमध्ये द्रव नायट्रोजन ओतायलाही कधी दुसऱ्याला पाठवलं नाहीत. मनापासून आभार.

एक शंका उरलीच आहे: तापमापक नळीच्या मधोमध चिकटवायचा की टोकाला? त्यासाठी मात्र फोन करेनच.

तुमची विद्यार्थिनी