क्लस्टरच्या कागदावर सही केली, बाबा

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा चिडतात आणि आई मध्येच "जेवलास का" विचारून बोलणं दुसरीकडे नेते, म्हणून लिहून पाठवतोय. क्लस्टरच्या, म्हणजे आपली आणि शेजारच्या चाळी मिळून एकत्र नव्यानं बांधण्याच्या, संमतीपत्रावर मी सोमवारी सही केली. कागद चाळ कमिटीकडे पोचलाय. हे तुम्हाला जिन्यात दुसऱ्या कुणाकडून कळू नये, एवढ्यासाठी ही घाई.

बाबा, बायपासनंतर भाड्याची पावती तुम्हीच माझ्या नावावर करून घेतलीत. "आता तू बघ," म्हणालात. ते मी मनापासून घेतलं. कागद वाचले, अप्पांना विचारलं, ताईशी बोललो. सही माझी असली तरी घर तुमचं आहे, हे सही करतानाही डोक्यात होतं.

आपली चाळ एकटीच, पुनर्विकासाच्या ३३(७) या नियमाखाली, नव्यानं बांधावी, शेजारच्या चाळींच्या भानगडीत पडू नये, हे तुमचं म्हणणं मला कळतं. शेजारच्यांचे मालक वेगळे, कोर्टकज्जे वेगळे, एकाचं अडलं की सगळ्यांचं अडणार. खोटं नाही ते. पण आपला प्लॉट केवढा आहे ते बघा ना. मागच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर पलीकडच्या चाळीची भिंत लागते. त्यावर एकटा टॉवर चढवला तर मागच्या घरांत भर दुपारी दिवे लावावे लागतील आणि बंब गल्लीच्या तोंडाशीच थांबेल. क्लस्टरच्या ३३(९) या नियमाला शहरात निदान ४,००० चौरस मीटर जागा लागते, म्हणजे पाच-सहा चाळी एकत्र आल्याच पाहिजेत. तेव्हा कुठे रस्ता रुंद होतो आणि इमारतींमध्ये अंतर सुटतं. एफएसआयसुद्धा, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा, ३ऐवजी ४ मिळतो. एकट्या इमारतीत किमान ३०० फुटांचं घर, क्लस्टरमध्ये किमान ३५ चौरस मीटर, म्हणजे पावणेचारशे फूट. त्या पाऊणशे फुटांत आईचा संडास-बाथरूम घरातच नीट बसतो. मला तेवढंच दिसत होतं.

आई, तू तक्रार करत नाहीस. पण दिवाळीला आलो होतो तेव्हा रात्री तू भिंतीला धरून गॅलरीच्या टोकापर्यंत गेलीस आणि परत येताना मधल्या टेकूपाशी थांबलीस, ते मी पाहिलं. तुळशीच्या कुंडीच्या काठावर रोज सकाळी चुन्याची भुकटी पडलेली असते. ती तू पदरानं पुसतेस आणि बाबांना दिसायच्या आत पाणी घालतेस. टेकूखालची फळी तर ओलीने काळी पडलीय. म्हाडाच्या अतिधोकादायक इमारतींच्या यादीत आपलं नाव नाही, हे बाबा दरवर्षी सांगतात. मला त्या यादीचा धीर वाटत नाही. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ला पडली, ३३ माणसं गेली. ती तर मंजूर झालेल्या क्लस्टरमधलीच होती, काही कुटुंबं आधी हलवलीही होती. बाकीचे राहिले होते. त्या दिवशी मी ऑफिसातून तुम्हाला सारखा फोन लावत होतो आणि बाबा चौपाटीवर फिरायला गेले होते.

बाबा, संक्रमण शिबिराची भीती तुम्ही बोलून दाखवलीत, ती उगाच नाही. गिरगावातून थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेली आणि तिकडेच म्हातारी झालेली माणसं तुमच्या ओळखीत आहेत. वरळीच्या बीडीडी चाळींत २०२५च्या ऑगस्टमध्ये ५५६ कुटुंबांना ५०० फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, असं मी म्हटलं तर "ते सरकारनं केलं, इथे बिल्डर आहे" म्हणाल. बरोबरच आहे. म्हणून मी नुसती सही करून आलो नाही. सोबत कमिटीला पत्र दिलंय आणि त्यातले मुद्दे तुमचे आहेत, गणपतीनंतरच्या मीटिंगमध्ये तुम्ही उभं राहून मांडलेले: प्रत्येक भाडेकरूचा वेगळा करार आणि तो खोली सोडण्याआधी नोंदवलेला, क्षेत्रफळ कार्पेटमध्ये, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं, लिहिलेलं, भाडं आगाऊ, नवं घर याच जागेवर, आणि देखभालीच्या खर्चासाठी ठेव. टॉवरचा मेंटेनन्स पेन्शनीत कसा भरायचा, हे त्या दिवशी तुमच्याशिवाय कुणीच विचारलं नव्हतं. समोरच्या खोलीतल्या वहिनी विरोधात होत्या, त्याही आता म्हणतात की हे लिहून मिळालं तर त्या सही करतील. खालचे दुकानवाले अजून नाही म्हणतात. त्यांना रस्त्यालगतच गाळा हवाय, आणि तो त्यांना मिळायला हवाच.

करार नोंदवला जाईपर्यंत कुणीही खोली सोडायची नाही. त्यानंतर मात्र तुम्ही ठाण्याला आमच्याकडे यायचं. बिल्डरचं भाडं बँकेत तुमच्या नावावर जमा होईल, त्याला मी हात लावणार नाही. पूर्वेकडची खोली तुमची. खिडकीशी बाबांची आरामखुर्ची, बाहेर तुळस, कमोडला दांडी लावून घेतलीय. पेपर सहाला येतो. आईला सकाळी वाडग्यात गरम भाकरी-दूध लागतं हे सूनबाईला मी सांगण्याआधीच माहीत होतं. पाडव्याच्या शोभायात्रेला आपण गिरगावातच असू, मी गाडी घेऊन आदल्या रात्रीच निघेन. साहित्य संघात नाटक असलं तरी नेईन.

दहावीला मी पोटमाळ्यावर अभ्यासाला बसायचो आणि बाबा खाली रेडिओ बंद करून अंधारात बसून राहायचे, दिवा माझ्याकडे वर दिलेला असायचा म्हणून. आई मधूनच शिडीवरून चहाची कपबशी वर सरकवायची. ती खोली सुटणार म्हणून मलाही रडू येतं, बाबा. तुम्हाला किती होत असेल ते मला कळतं. तुमचा राग माझ्यावर काढा, आईवर नको.

आता ऐका. पोटमाळ्यावर कुणीही चढायचं नाही, पितळेची भांडी मी येऊन काढीन. पावसाळ्यात गॅलरीत टेकूजवळ खुर्ची टाकून बसायचं नाही. आईने रात्री बाहेर जाताना बाबांना उठवायचंच, झोपमोड होईल म्हणून थांबायचं नाही. बाबांची रक्तदाबाची गोळी चुकली तर मला कळवायचं. जुन्या भाडेपावत्या, लाइट बिलं आणि आजोबांचं रेशनकार्ड लोखंडी ट्रंकेतून काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. कुणी मागितलं तरी अस्सल कागद द्यायचे नाहीत, झेरॉक्स द्यायची.

आणि बाबा, कराराचा मसुदा कमिटीकडे आलाय. अप्पा तो तुमच्याकडे आणून देतील. तुम्ही हेडक्लार्क असताना जसा एकेक ओळ तपासायचात तसा तपासा, पटणार नाही तिथे लाल पेन्सिल मारा. तुमच्या खुणा नसतील तर मी पुढच्या कुठल्याही कागदावर सही करणार नाही. कमिटीत आपल्या मजल्यातर्फे तुमचंच नाव द्यावं असं अप्पा म्हणत होते. मी हो म्हणालोय. रविवारी येतो तेव्हा सविस्तर बोलू. आईला म्हणावं मासे आणू नकोस, मी भाऊच्या धक्क्यावरून घेऊन येईन.

तुमचा,
बाळू